आजींची पिसांची रजई

इंग्लंडमधल्या श्रूजबरीत आमच्या शेजारच्या आजी स्लोव्हाकियातल्या एका लहानशा गावातून लग्न होऊन इथे आल्या होत्या. माझी आई नागपूरहून आली तेव्हा त्यांनी तिला आपली जुनी रजई दाखवली.

"नवरीच्या रजईसाठी हिवाळ्यात गावातल्या बायका एका घरी जमून बदकांच्या पिसांचा मऊ भाग काड्यांवरून सोलून काढायच्या. तिथे हसायला बंदी, नाहीतर पिसं उडायची."

मी ते मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "अगंबाई, बायका जमल्या आणि हसायचं नाही?"

हे इंग्रजीत ऐकून आजी खुर्चीत बसून हसत राहिल्या. "हसायचोच! म्हणून तर माझी रजई इतकी पातळ."

त्यांचे यजमान गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आई चहा घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागली, मला न बोलावता.