पहिला तास आयचा

हिराजी म्हात्रेची आणि माझी ओळख मंगलाष्टकांत झाली. रेवदंड्याजवळच्या एका लग्नात मी शेवटचं कडवं संपवून खड्या आवाजात ‘सावधान’ म्हणालो, आणि मांडवाच्या चारही कोपऱ्यांतून ‘धान, धान, धान’ असं उत्तर आलं. वऱ्हाडी चपापले. नवरदेवाने घाबरून अंतरपाट खाली यायच्या आधीच हार पुढे केला. मी मागे वळून पाहिलं, तर काळा गॉगल लावलेला, अंगाने आडवा असा एक माणूस मशिनच्या बटणांवर बोटं ठेवून माझ्याकडे बघत प्रसन्नपणे हसत होता. लग्न लागल्यावर मी जाब विचारायला गेलो. तो म्हणाला, “गुरुजी, एको टाकला. आवाजाला वजन येतं. तुमचा आवाज तसा बारीकच हाय.”

आमचं घर चौलचं, पिढ्यानपिढ्या भिक्षुकी करणारं. आवाज बारीक असल्याचं मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. पण त्यानंतरची वीसेक वर्षं अलिबागपासून मुरुडपर्यंतच्या कितीतरी मांडवांत आम्ही दोघं बरोबर होतो. मी लग्न लावायचो, तो गाणी लावायचा. यजमानांच्या लेखी दोन्ही लावायचीच कामं. फक्त माझं लवकर आटपावं आणि त्याचं लांबावं, एवढीच सगळ्यांची इच्छा असायची.

हिराजी खारेपाटातल्या आगरी घरातला. टेम्पोवर मोठ्या अक्षरांत ‘डीजे हिरा’, खाली बारीक अक्षरांत ‘आईची कृपा’. त्या दुसऱ्या ओळीबद्दल पुढे सांगतो. आवाजाच्या भिंतीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तो चक्क डुलक्या काढत असे. समोर दोनशे माणसं घामाघूम होऊन नाचतायत, शेजारच्या घराची कौलं थरथरतायत, आणि हा हनुवटी छातीला टेकवून शांत. मात्र नाच जरा ढिला पडला की डोळे न उघडताच त्याचा हात पुढे जायचा, गाणं बदलायचं, आणि मागे जाऊन बसलेले काका पुन्हा उठून मैदानात यायचे.

“तुला झोपेत कसं कळतं?” मी एकदा विचारलं.

“गुरुजी, लोकं गान्यावर न्हाय नाचत. शेजारचा नाचतोय म्हनून नाचतात. एक खाली बसला की दुसरा बसतो. खुर्च्या सरकल्या की समजायचं, आपला टाइम आला.”

त्याची अक्कल मी खरी पाहिली ती एका वरातीत. नवऱ्याच्या मित्रांना एक गाणं हवं होतं, नवरीच्या भावांना दुसरं. आधी शब्द झाले, मग ढकलाढकली, मग खुर्च्या डोक्याच्या वर गेल्या. मी जानवं सांभाळत एका भिंतीला चिकटलो. हिराजीने दोन्ही गाणी बंद केली आणि गणपतीची आरती लावली, पूर्ण आवाजात. क्षणभर कोणाला काही कळेना. मग सवयीने एकेकाचे हात जुळले. खुर्ची हातात धरून टाळ्या वाजवता येत नाहीत, त्यामुळे खुर्च्या खाली आल्या. एकाने दुसऱ्याची कॉलर सोडली आणि आधी पायातल्या चपला काढल्या. एक आरती संपली की हिराजी दुसरी लावायचा. चारपाच आरत्या झाल्यावर भांडण कशावरून होतं तेच कोणाला आठवेना, आणि प्रसाद कुठाय म्हणून माणसं माझ्याकडे बघू लागली.

“आरती चालू असताना पहिला फटका कोन मारनार?” हिराजी नंतर म्हणाला. “देव बघतो म्हनून न्हाय हो. आया बघतात म्हनून.”

आता त्याच्या आईबद्दल. मथुराबाई ही त्या पट्ट्यातली नावाजलेली धवलारीण. आमच्याकडच्या आगरी-कोळी लग्नांत भटजीच्याही आधी धवलारीण लागते. हळदीला, देवक बसवताना ती धवले गाते. गावदेवीपासून डोंगरावरच्या, खाडीपलीकडच्या देवांपर्यंत एकेकाला नाव घेऊन लग्नाला बोलावते, आणि बायका तिच्यामागून म्हणतात. मथुराबाई काळी, किडकिडीत, कपाळभर कुंकू. मला ती बरोबरीचा धंदेवाला समजायची. “भटजी, तुमचा काय, अर्ध्या घंट्याचा काम,” असं म्हणायची. “पोथी उघरली, पोथी मिटली. मना सगला तोंडपाठ ठेवाला लागतं.”

तर अशा बाईचा मुलगा डीजे झाला. सुरुवातीला कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. धवले आधी, डीजे नंतर, असं दोघांचं चालायचं. मग हळदीला येणाऱ्या पोरांना घाई होऊ लागली. धवले लांबतायत म्हणून शिट्ट्या सुरू झाल्या. आणि मग त्यांच्याच गावात, हिराजीच्या सख्ख्या चुलत्याच्या मुलीच्या हळदीला ते झालं. मथुराबाई गात होती. निम्मे देव बोलावून झाले असतील. चुलत्याने लांबूनच हिराजीला हाताने खूण केली, ‘लाव’. हिराजीने आईकडे पाहिलं, चुलत्याकडे पाहिलं. चुलत्याने पुन्हा हात उडवला. हिराजीने लावलं.

मी तिथेच होतो. मथुराबाईचं तोंड थोडा वेळ हलत राहिलं, आवाज मात्र कोणालाच येत नव्हता. मग ती थांबली. मांडीवरच्या अक्षता तिने नीट ताटात झटकल्या, उठली आणि घरी गेली. कोणी अडवलं नाही, कारण सगळे उठून नाचायला लागले होते.

ती मुलावर रागावली नाही, हे हिराजीला फार लागलं. जेवायला वाढायची, कपडे वाळत घालायची, सगळं नेहमीसारखं. फक्त घरात कामं करताना गुणगुणायची ती बंद झाली. हळदीची बोलावणीही आटली. मुलगा काय करतो असं कोणी परक्याने विचारलं, तर सांगायची, “गाव भयरा करतो.” हिराजीला बोलावणी मात्र पालीपासून श्रीवर्धनपर्यंत येऊ लागली. त्याच सुमारास त्याने टेम्पोवर ‘आईची कृपा’ लिहून घेतलं. मथुराबाईला वाचता येत नव्हतं. नातीने वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “मी कवा केली?”

पुढे आमच्या किनाऱ्यावर फार्महाउसांतली लग्नं आली. मुंबईची माणसं येऊन समुद्राच्या वाळूवर लग्न करू लागली. मलाही तिथे बोलावत. धोतर कोणत्या रंगाचं नेसायचं ते आधी कळवत. अशाच एका लग्नाच्या इव्हेंटवाल्या मुलीला कुठून तरी धवलारणीचा शोध लागला. तिने हिराजीला विचारलं, “दादा, तुमच्याकडे त्या गाणाऱ्या आजी असतात ना? एकदम ऑथेंटिक पाहिजे.”

हिराजी घरी जाऊन आईसमोर उभा राहिला. काय बोलला ते मला ठाऊक नाही. मथुराबाई आली एवढं खरं. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ती टेम्पोत मुलाशेजारी बसून आली, आणि उतरल्यावर मला म्हणाली, “भटजी, हतं देव येतील काय? रस्ता माहीत नसाचा त्यांना.”

दुपारची हळद होती. पिवळी फुलं, पिवळे पडदे, पाहुणे पिवळ्या कपड्यांत. सरबताचे पेले फिरवायला आजूबाजूच्या गावांतल्या बायका ठेवल्या होत्या आणि ‘लोकल टच’ म्हणून त्यांना एकसारखी भाड्याची नऊवारी नेसवली होती. मथुराबाईला झोपाळ्यावर बसवलं, फोटो काढले. मग ती इव्हेंटवाली मुलगी वाकून म्हणाली, “आजी, दोन मिनिटांचं करता येईल ना? मग लगेच डान्स आहे.”

मुलगी वाईट नव्हती. तिच्या हातातल्या कागदावर दोनच मिनिटं होती, त्याला ती तरी काय करणार? मथुराबाई शांतपणे म्हणाली, “बाय, सगल्या देवांना बोलवाला लागतं. अर्ध्यांना बोलवून बाकीच्यांना काय सांगू, जेवन संपला?”

मुलगी हसली, मान डोलावली आणि हिराजीजवळ जाऊन काही सांगून आली. काय सांगितलं असेल ते मला कळलं. मथुराबाईलाही कळलं. तिने गायला सुरुवात केली, पण तिची नजर देवांकडे नव्हती, मुलाच्या हातांकडे होती.

दोन मिनिटं झाली. मुलीने लांबून खूण केली. हिराजी उठला. मशिनच्या मागे गेला, वाकला, आणि त्याने मुख्य वायर उपटली. लाल-निळे दिवे विझले. मुलगी धावत आली. “काय झालं?”

“जनरेटर गरम झालाय, मॅडम. थंड होईपर्यंत काय करता येनार न्हाय.”

“किती वेळ?”

“त्याच्यावर हाय,” हिराजी म्हणाला. त्याने गॉगल लावला आणि तो खुर्चीत बसला.

मथुराबाई गात राहिली. पाहुण्यांनी थोडा वेळ मोबाइल वर धरले, मग ते खाली आले, मग बरेचसे पाहुणे खाण्याच्या टेबलांकडे निघून गेले. तिच्यामागून म्हणायला कोणीच नव्हतं. एक ओळ म्हणून ती थांबायची, ओळ तशीच वाऱ्यावर जायची. मग मागून कोणीतरी ती उचलली. मी पाहिलं, तर सरबत वाटणाऱ्यांतली एक बाई. तिने ट्रे गवतावर ठेवला आणि ती खाली बसली. दुसरी बसली. भाड्याच्या नऊवारीतल्या त्या सगळ्या खऱ्याच आगरणी होत्या, आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सरबत थांबलं. नवरी मात्र पाटावरून हलली नाही. एक शब्द कळत नसावा तिला, पण आपल्यासाठी इतक्या जणांना बोलावलं जातंय एवढं कळलं असावं. सगळे देव येईपर्यंत ती बसून राहिली.

परतताना मीही टेम्पोत होतो. वाटेत मथुराबाई म्हणाली, “जनरेटर गरम न्हवता झाला.”

“न्हाय,” हिराजी म्हणाला.

“लगनघरात खोटा बोलू नये.”

“व्हय.”

थोड्या वेळाने खिडकीतून बाहेर बघत तिने काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली. हिराजीने टेम्पो इतका हळू केला की मागच्या एसटीने भोंगा वाजवून वाजवून आम्हाला मागे टाकलं.

त्या इव्हेंटवाल्यांनी त्याला पुन्हा बोलावलं नाही. आणि हिराजीने नियम केला. हळदीचं काम घ्यायचं तर पहिला तास आयचा, तोवर मशिनला हात लागणार नाही. लोक कुरकुरले, काहींनी दुसरा डीजे बघितला. मग हळूहळू त्याचीच फॅशन झाली, धवले नसले तर हळद हलकी वाटू लागली. हौसेने हिराजीने पत्रकं छापली, त्यांत ‘डीजेसोबत पारंपरिक धवले फ्री’ असं होतं. मथुराबाईने नातीकडून तेही वाचून घेतलं आणि ‘फ्री’चा अर्थ विचारला. त्या दिवशी मात्र ती रागावली. सगळी पत्रकं चुलीत गेली. हिराजी मला ते मोठ्या आनंदाने सांगायला आला. “गुरुजी, आय बोंबलली माज्यावर! पार शेजारपाजार गोला झाला.”

मथुराबाई गेली ती ऐन लग्नसराईत. त्या दिवशी मुरुडचे, पालीचे, अलिबागचे, सगळे डीजेवाले आले. टेम्पो गावाबाहेर रांगेने उभे करून चालत आले. बेंबीच्या देठापासून ओरडायची सवय असलेली ती माणसं एकमेकांशी कानात बोलत होती.

त्यानंतरची हिराजीच्या हातची एकच हळद मी पाहिली. माझे गुडघे गेले होते, मुलाने ठाण्याला न्यायचं ठरवलं होतं, आणि ते माझं शेवटचं लग्न होतं. ऊन कललं होतं. मांडव भरला, नवरी पाटावर बसली. हिराजी मशिनशेजारी हाताची घडी घालून बसला.

“लाव की,” यजमान म्हणाले.

“पहिला तास आयचा.”

“अरे, आई कुठाय आता?”

हिराजीने डोळे मिटून हनुवटी छातीला टेकवली. यजमान माझ्याकडे बघू लागले, मी पंचांगात. मांडवात असा शुकशुकाट मी उभ्या जन्मात अनुभवला नव्हता. पोरांनी मोबाइल काढले. कोणी खोकलं. बायका एकमेकींना कोपरखळ्या मारू लागल्या, “तू म्हन, तू म्हन.” शेवटी हिराजीची बायको, चंद्रा, जी कधी चारचौघांत मोठ्याने बोलली नाही, ती पदर सावरून पुढे येऊन बसली. पहिली ओळ तिने जमिनीकडे बघत म्हटली. आवाज फाटका, सूर कुठल्या कुठे. गावदेवी आली, वेशीवरचा देव आला, आणि ती अडली. “पुढचा मना येत न्हाय,” असं म्हणून हसली. कोपऱ्यातल्या एका म्हातारीला पुढचा येत होता. तिला जो येत नव्हता तो तिसरीला येत होता.

तास कधीच होऊन गेला होता. यजमान पुन्हा हिराजीपाशी आले. “आता तरी लाव बाबा.”

हिराजीने डोळे न उघडता हात वर केला.

“थांब जरा,” तो म्हणाला. “अजून येतायत.”