पोरीला बायोलॉजी परवडेल का

बारावीचा निकाल लागल्यानंतरचा तो उन्हाळा मला अर्धवट झोपेतल्या दुपारसारखा आठवतो. पनवेलजवळच्या रोडपालीतल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात पंखा गरगरत असायचा, हायवेवरच्या कंटेनरांची घरघर खालून लाटेसारखी यायची, आणि मी बाल्कनीतल्या कुंडीवर चढलेल्या शेवाळाकडे बघत बसलेली असायचे. मेडिकलला जाण्याइतके मार्क नव्हते. मला त्याचं फारसं दुःखही होत नव्हतं आणि आईला नेमकी त्याचीच काळजी लागली होती.

मला बायोलॉजीच शिकायचं होतं. पुढे काय, ते मात्र ठाऊक नव्हतं.

बाबा बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका ऑफिसात नोकरीला. "शिक की," ते म्हणाले. "पण हे शिकून लोक कमावतात किती, ते आधी बघू." एका खासगी कॉलेजातल्या बायोटेकची वर्षाची फी त्यांच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होती. तिथल्या बाईंनी दिलेल्या गुळगुळीत माहितीपत्रकात पांढऱ्या कोटातली हसरी मुलं होती, पण ती मुलं पुढे कुठे गेली आणि काय मिळवू लागली, याबद्दल एक ओळ नव्हती. मग बाबांनी स्वतःच चौकशी सुरू केली.

आम्ही स्कूटरवरून पनवेलभर फिरायचो. औषधांच्या दुकानात एका कंपनीची औषधं खपवणारा एमआर भेटला, तर बाबांनी त्याला सरळ विचारलं, "काय शिकलात? आणि हातात किती येतात?" तो झूलॉजीचा निघाला. पगार बरा होता. "पण काका, झूलॉजीतलं आता काही आठवत नाही," असं म्हणून तो हसला. मी लाजून स्कूटरच्या आरशात बघत राहिले. आरशात एसटी स्टँडवरचा गुलमोहर उलटा हलत होता.

मग एके सकाळी बाबांची शुगर तपासायला आम्ही गल्लीतल्या एका लॅबमध्ये गेलो. रक्त काढणारी ताई तिशीची असेल. सुई शिरेत असतानाच बाबांनी विचारलं, "बेटा, तू काय केलंस?"

"मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी. मग लॅबचा डिप्लोमा."

"आणि पगार?"

मला वाटलं, आता ही चिडणार. तिने शांतपणे कापूस दाबला. "अठरा हजार. सुरुवातीला सांगायची लाज वाटायची. तुमच्या मुलीसाठी विचारताय ना?"

बाबांनी मान हलवली.

"मग एक करा, काका. जिथे फी कमी आहे तिथेच घाला. मी इथल्याच साध्या कॉलेजात शिकले म्हणून निभावलं. महागड्या कॉलेजातली माझी एक मैत्रीण माझ्यासारखंच काम करते, पगारही एवढाच." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुला खरंच आवडतं?"

मी तिच्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपकडे बघितलं. गर्दी नव्हती. तिने बाबांच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरला, रंग घातला, थोडं थांबायला सांगितलं आणि मग मला मायक्रोस्कोपशी बसवलं. एरवी ऑफिस, पेट्रोल आणि लाइटबिल एवढंच बोलणाऱ्या माझ्या बाबांच्या आत फिकट गुलाबी चकत्यांचं एक आभाळ होतं. त्यात मध्येच एक जांभळी पेशी एकटीच तरंगत होती. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. बाबांनी खांद्याला हात लावला तेव्हा भानावर आले.

परतताना त्यांनी डोंगरातून आलेल्या एका ठाकरणीकडून करवंदं घेतली आणि द्रोण माझ्या हातात देत म्हणाले, "पनवेलच्याच कॉलेजात घे बॉटनी. तेवढी फी झेपेल. पुढचं पुढे."

तीन वर्षं बीएस्सीची, दोन एमएस्सीची. ती वर्षं मला सलग आठवत नाहीत. आठवतो तो प्रयोगशाळेतला ओल्या पानांचा वास, आणि खाडीकाठच्या तिवरांच्या पानांवर साचलेलं मीठ मी जिभेने चाखून पाहिलं होतं ती संध्याकाळ.

नंतर खाडीचं पाणी आणि चिखल तपासणाऱ्या एका छोट्या संस्थेत नोकरी लागली. पहिला पगार सांगितला तेव्हा बाबा जेवत होते.

"म्हणजे फी निघेल," ते म्हणाले. "पण पाच वर्षं तू कमावलं असतंस, त्याचं काय?"

"ते नाही निघणार, बाबा."

त्यांनी भात कालवला. माझा मामेभाऊ कॉम्प्युटर शिकून पुण्यात माझ्या तिप्पट मिळवत होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. "वाईट वाटतं का?" एवढंच विचारलं.

"महिनाअखेरीला वाटतं," मी म्हणाले. ते खरंच होतं आणि अजूनही आहे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ते माझ्याबरोबर मोरा बंदरावर आले. ओहोटी होती. मी गुडघाभर चिखलात उतरून चाळणीत गाळ धुवत होते आणि ते जेट्टीवर उभे होते. जाळं निवडत बसलेल्या एका कोळणीने त्यांना विचारलं, "तुमची पोरगी हाय ती? काय हारवलंय तिचं चिखलात?"

"हरवलं काही नाही. बारीक जीव असतात, ते बघते. त्यावरून पाण्याचं कळतं."

"मंग मासली का कमी झाली, इचारा तिला."

त्यांनी ओरडून विचारलं. मीही ओरडूनच सांगितलं, "अजून नाही सांगता येत, मावशी! वर्षभर बघावं लागेल."

"बघ मंग," ती म्हणाली आणि बाबांना बसायला जाळ्याशेजारी जागा करून दिली.

भरती लागली. आवाज न करता पाणी चिखलावरून पुढे सरकत आलं, खेकड्यांची भोकं एकेक करून मिटत गेली. मुंबईची लाँच सुटली. मी पाय धुऊन वर आले आणि बससाठी बाबांना हाक मारली. ते पाण्याकडे बघत होते. मी पुन्हा हाक मारली, तरी त्यांना ऐकू गेली नाही. मग मीही तिथेच बसले.