फरशीवरचा ढग

धाकट्या भावाने डोंगरावर घर बांधलं. हॉलमध्ये इपॉक्सीची, म्हणजे पातळ रसायन ओतून वाळवलेली अखंड फरशी आहे, तळ्यासारखी निळी आणि तुकतुकीत. खिडकीपाशी मात्र तिच्यावर एक पांढुरका ढग आहे. काल एक पाहुण्या बाई म्हणाल्या, "अय्या, धुकंच उतरलंय की घरात!" भाऊ खुशीत हसला. मी चहाच्या कपात बघत राहिलो.

तो ढग माझ्यामुळे पडला.

फरशी ओतली त्या दुपारी भाऊ सामान आणायला खाली गावात गेला होता. "दादा, वाळेपर्यंत खिडक्या उघडू नकोस हं, धुकं लागलं तर डाग पडतील," असं बजावून गेला होता. मी दारात उभा राहून त्या निळाईत उतरलेलं छत पाहत होतो. हे त्याचं आहे, माझं नाही, एवढंच मनात होतं. वास सहन होत नाही असं स्वतःला सांगून मी खिडकी उघडली. हेव्याला फार काही करावं लागत नाही, कडी काढली तरी पुरतं.

डाग पाहून भाऊ म्हणाला, "जाऊ दे दादा, इथली हवाच तशी. तू तरी काय करणार?"

खरं सांगायचं अजून धाडस होत नाही. आणि आता तर त्या डागालाही जीव लावणाऱ्या त्याच्या स्वभावाचा मला हेवा वाटतो.