विठू म्हात्र्यांचा अर्ज

सत्त्याण्णव साली माझा टायपिंगचा क्लास अष्टमीत होता. रोह्याहून पूल ओलांडून आलं की डाव्या हाताला, एका दवाखान्याच्या वर. दहा मशिनं, त्यातली दोन कायम आजारी. पोरी परीक्षेची तयारी करायच्या आणि मी त्यांच्यावर ओरडायचे. ओरडणं हा माझा स्वभावच. पण ती खडखड आठवली की अजून जीव हळवा होतो. आता ती मशिनं भंगारात गेली आणि मीही निवृत्त झाले.

त्या वर्षी क्लासात एक नवंच गिऱ्हाईक यायला लागलं. चाळिशी ओलांडलेले बाप्ये. धाटावची एक कंपनी बंद पडली होती. आयुष्यात कधी अर्ज न केलेली माणसं जिना चढून यायची, पोरींना बघून लाजायची आणि दारातच उभी राहायची. त्यांतले एक विठू म्हात्रे.

म्हात्रे मूळचे पेणच्या खाडीकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. कंपनीत एकवीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस. माझ्या मागच्या आळीत भाड्याने राहायचे, बायको सरू आणि ते. गावचं मिठागर बांध फुटून कधीच खाडीत गेलेलं. नोकरी लागली नाही तर बिऱ्हाड मोडून पेणला थोरल्या भावाच्या दारात जायचं, एवढाच रस्ता उरलेला. सरूने मला नळावर सांगितलं होतं, "बाई, मी जावंच्या हाताखाली नाय जायची. त्यांना काय ते शिकवा गो."

मी कागद चढवला आणि विचारलं, "किती कंपन्यांचा अनुभव?"

"एकीचाच."

"एकवीस वर्षांत दुसरीकडे कधी प्रयत्न नाही केलात?"

"कशाला? तिनं माझं काय वाईट केलं व्हतं?"

बाईमाणसाबद्दल बोलावं तसं हा गृहस्थ कंपनीबद्दल बोलत होता! पण आमच्याकडे तेव्हा असंच होतं हो. पर्मनंट झालेल्या मुलाला मुली सांगून यायच्या. नोकरी सोडली म्हटलं की लोक आधी विचारायचे, काढलं का? धाटावचा भोंगा झाला की अष्टमीतली घड्याळं जुळायची, आणि एकदा गेटातून आत गेलेला माणूस पिकल्या केसांनीच बाहेर यायचा. मला ते दिवस चांगले वाटतात. माझी भाची हसते, पण वाटतात.

"मग ही नोकरी मिळाली कशी?" मी विचारलं.

"बापानं नेलं. हंगामाचं पयलं मीठ फडक्यात बांधलं, मॅनेजरसायबाच्या घरी ठेवलं, आन म्हनला, ह्यो पोरगा तुमचा. झालं."

त्यानंतर दर वर्षी, मिठागर होतं तोवर घरचं आणि पुढे शेजाऱ्याकडून आणून, पहिलं मीठ त्या कंपनीच्या साहेबाकडे जात राहिलं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. तिथेच चुकले.

अर्ज गेले. पेणजवळच्या, पण इथून एसटीने रोज जाऊन येता येईल अशा एका नव्या कंपनीचं बोलावणं आलं. त्यांच्याकडे घरी फोन कुठला, अर्जावर नंबर माझ्या क्लासचाच होता. मग मी तीन दिवस त्यांच्याकडून घोटवून घेतलं. इस्त्रीचा शर्ट, बॉयलरचं सर्टिफिकेट फाइलमध्ये, सांगितल्याशिवाय बसायचं नाही, सांगितल्यावर उभं राहायचं नाही. पोरी तोंडावर रुमाल धरून हसायच्या. म्हात्रे मुकाट्याने "येऊ का सर" म्हणत दाराबाहेर जायचे आणि परत आत यायचे.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी ते जिना चढून आले ते चेहरा पाडूनच.

"काय विचारलं?"

"काय नाय."

"काय नाय म्हणजे?"

मग हळूहळू निघालं. महाराज मीठ घेऊन गेले होते! दोन किलो, हंगामाचं पहिलं खडे मीठ, पांढऱ्या फडक्यात. केमिकलच्या कंपनीत पांढरी पुडी! गेटवरच्या वॉचमनने ती उघडली, हुंगली, वहीत नोंद केली आणि कशीबशी आत सोडली. आत टायवाला कोवळा साहेब. मीठ कुणाच्या हातात द्यायचं नसतं, भांडण होतं. म्हणून म्हात्र्यांनी ते त्याच्या टेबलावर ठेवलं. नेमकं अर्जांच्या गठ्ठ्यावर. ओलसर मीठ ते, कागदांना पाणी सुटलं. साहेब भडकला, "आमच्याकडे असली लाच चालत नाही," म्हणाला आणि बाहेर घालवलं.

मी अशी तापले म्हणता! "अहो, अक्कल गहाण टाकलीत का? तीन दिवस मी घसा फोडला तो कशासाठी? आता बसा, माफीचं पत्र टाइप करते."

तेव्हा तो गरीब माणूस पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. "माफी कसली, बाई? मीठ दिलं. इष नाय दिलं."

मशिनं थांबली. पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. मी चढवलेला कागद काढून घेतला. शरम वाटली मला, त्याची नव्हे, माझी. मी त्याला बसायला, उठायला शिकवत होते. तो आपल्या बापाने शिकवलेलं घेऊन गेला होता.

चार दिवसांनी क्लासचा फोन वाजला. पलीकडे कुणी हैबतराव, त्याच कंपनीचे बॉयलर बघणारे. माणूस रोह्याकडचाच.

"ते मीठ आणणारे गृहस्थ तुमच्याकडचे का?"

मी कमरेला पदर खोचला. "हो. आणि लाचबिच काही नव्हती ती!"

"ठाऊक आहे हो, बाई. साहेबाने बाहेर पाठवलेली पुडी वॉचमनच्या टेबलावर पडली होती, मी घरी नेली. हंगामाचं पहिलं मीठ कोण आणि कशासाठी देतं ते मला कळतं. मग अर्ज काढून वाचला. एकवीस वर्षांत बॉयलर एकदाही बंद पडू दिला नाही, हे खरं का?"

"मी टाइप केलंय," मी म्हटलं. "मी खोटं टाइप करत नाही."

"मग सोमवारी पाठवा. साहेबाला मी सांगितलंय."

मी पोरींना वाऱ्यावर सोडून, चपला न घालता मागच्या आळीत धावले. सरू ओट्यावर तांदूळ निवडत होती. ऐकलं आणि सूप तसंच ठेवून रडायला लागली. म्हात्रे आतून आले. त्यांनी एकच विचारलं.

"पर्मनंट?"

हे मी फोनवर विचारलं होतं. सांगायला जीभ रेटत नव्हती. "अकरा महिने. नवीन कंपन्यांत आता तसंच घेतात. मग बघतील."

"आन न्हाय बघितलं तर?"

"तर दुसरी शोधायची. आता सगळे तेच करतात, म्हात्रे."

ते ओट्याच्या कडेवर बसले. सरू डोळे पुसून त्यांच्याकडे बघत होती. बिऱ्हाड मोडायचं टळलं होतं, आनंदाचीच गोष्ट होती, पण त्या माणसाचा चेहरा काही फुलेना. मग ते म्हणाले, "बाई, त्यो अर्ज फाडू नका. अकरा म्हयन्यांनी मी चव्वेचाळीसचा आसन. तेवढं वय बदलून परत टाइप करून द्याल ना?"