मालक कधी येतील?

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. बाई शेतात असो की बँकेत, "मालकांना विचारून सांगते," असंच म्हणते. मीही जन्मभर तेच म्हणत आले. त्यामुळे माझ्या मिरची कांडपाच्या दुकानावर बोर्ड लिहायला आलेल्या पेंटरनं शिडीवरून विचारलं, "मावशी, मालकाचं नाव काय टाकायचं?" तेव्हा माझ्या डोक्यात एकच माणूस आला. त्या माणसाला जाऊन वर्ष उलटलं होतं, पण कानाला ते कुठं माहीत!

आता आली का पंचाईत? नवऱ्याचं नाव मी घेत नाही. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं लग्नाआधीच मला बजावून ठेवलेलं. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात कुणी पूर्ण नाव विचारलं की मी मुकाट्यानं आधार कार्ड पुढं करते. उखाण्यात तेवढी सुटका, पण पेंटरसमोर उखाणा कोण घेणार? थोरल्या जाऊबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. दिराचं नाव घ्यायला त्यांना कसली अडकाठी? त्यांनी खणखणीत आवाजात सांगून टाकलं आणि मी मशीनमध्ये मिरच्या टाकायला आत गेले. संध्याकाळी बाहेर येऊन बघते तर 'प्रो. प्रा.' आणि पुढं त्यांचं नाव, लाल अक्षरात, पिवळी सावली देऊन. गेलेला माणूस नव्या दुकानाचा मालक होऊन बसला होता.

मला आधी हसू आलं, मग रडू आलं. मिरचीच्या दुकानात रडायची सोय चांगली असते, कुणी काही विचारत नाही.

खरं तर हे दुकान मला तिशीतच काढायचं होतं. माझ्या हातच्या येसराचं गावात नाव होतं. येसर म्हणजे गहू, बाजरी, डाळ भाजून मसाल्यासोबत दळलेलं पीठ. त्याची आमटी पंगतीत नसली तर आमच्याकडचे पाहुणे लग्न विसरतात आणि आमटी नव्हती हे लक्षात ठेवतात. आमचे मालक तेलगावात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे. ते म्हणायचे, "पोरं मोठी होऊ दे. मशीन घेऊ, आन् त्याची मोटार मी सोता बघीन." पोरं मोठी झाली. मग पोरीचं लग्न निघालं, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. माणूस लई चांगला, पण उद्यावर टाकणारा. त्यात मिरचीचं त्यांना वावडं. मी उखळात मिरची कांडायला घेतली की शिंकत शिंकत मारुतीच्या देवळात जाऊन बसायचे ते दिवेलागणीलाच परत. "तुमाला शिंकांची भीती वाटती, म्हणून मशीन घेत न्हाई तुमी," असं मी चिडवायची. ते हसायचे, पण खोटं आहे असं कधी म्हणाले नाहीत.

एका हिवाळ्यात ते झोपेतच गेले. वर्षश्राद्ध झालं आणि मी दोन म्हशी विकून मशीन आणलं. तेव्हा मला एकोणसाठावं लागलं होतं. गाव म्हणालं, म्हातारीला आता काय हौस आली? मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आता आराम कर." मी म्हटलं, "आराम करून तुझा बाप कंटाळला आसंल. मला इतक्यात नको."

दुकान चाललं. लग्नसराईत धारूर, माजलगावकडून येसराच्या ऑर्डरी यायला लागल्या. हाताखाली दोन बाया ठेवल्या. गुडघे कुरकुरतात, पण मशीनचा पट्टा माझी मी बदलते. ज्यांनी नावं ठेवली त्यांच्याच सुना डबे घेऊन रांगेत उभ्या राहतात आणि मी त्यांना मुद्दाम सगळ्यात शेवटी घेते. सगळं मनासारखं झालं. फक्त संध्याकाळी शटर ओढलं की आजचं सांगायला तोंड आपोआप घराकडे वळतं, आणि घरात कुणी नसतं. तेव्हा त्यांची इतकी आठवण येते की जेवण जात नाही.

मुलगी बीडहून आली की बोर्ड बघून चिडायची. "मशीन तुझं, मेहनत तुझी, मग नाव तुझं कावून न्हाई?" तिचं बरोबर होतं. मी "बघू" म्हणायची. उद्यावर टाकायची सवय मलाही लागली होती.

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. बाहेरगावचे व्यापारी यायचे, बोर्ड वाचायचे आणि विचारायचे, "मालक हायेत का?" मी म्हणायची, "न्हाईत, बाहेर गेलेत." तेवढ्यापुरते ते खरोखरच नुसते बाहेर गेलेले असायचे. कुणाची तरी मोटार उघडून बसले असतील, येतील आता, दारातच शिंकतील. एवढ्या एका प्रश्नासाठी मी तो बोर्ड ठेवला होता.

मग एक दिवस धने-खोबऱ्याचा एक वयस्कर व्यापारी आला. "मालक कधी येतील?"

"येतीलच," मी बोलून गेले.

"मग बसतो," म्हणाला आणि ओट्यावर टेकला. मी चहा दिला. तो रस्त्याकडे बघत राहिला. त्याला खरं सांगायचं सोडून मीही रस्त्याकडे बघायला लागले. मोटारसायकल वाजली की तो मान वर करायचा, आणि मीसुद्धा.

शेवटी जाऊबाईंना राहवलं नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, त्यो जाईल बस गाठून. तू कुठवर बसणार हायेस?"

मी पदरानं डोळे पुसले आणि ओट्यावर गेले. "मालक मीच हाय. बोला, धने कसे दिले?"

दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावलं. त्यांच्या नावावर त्यानं पांढरा रंग फिरवला तेव्हा मला बघवेना, मी आत गेले. रंग वाळल्यावर त्यानं हाक मारली, "मावशी, तुमचं नाव सांगा."

मी सांगितलं.

"पूर्ण सांगा की. अर्धं कसं लिवू?"

जाऊबाईंनी तोंड उघडलं होतं. मी हातानं त्यांना थांबवलं आणि मशीन बंद केलं. आयुष्य कमी होईल म्हणून जन्मभर जे नाव तोंडातून काढलं नाही, त्याचं आता काय राखायचं होतं? मी माझं नाव घेतलं, मग त्यांचं, मग आडनाव. उखाण्याशिवाय, मोठ्यानं.

नाव घेतलं की माणूस ओ देतो. मी जरा वेळ थांबले.

मग पेंटरला म्हटलं, "लिवा."