ऐकू न येणाऱ्यांसाठी हेल्पलाइन

दोन महिन्यांपूर्वी एका सोमवारी आमच्या मीटिंगच्या खोलीतल्या खुर्च्या गेल्या. बसलं की विचारही बसतात, असं नव्या साहेबांना कुठल्याशा लीडरशिप प्रोग्राममध्ये समजलं. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही वर्तुळात उभे राहतो आणि पन्नाशीच्या गुडघ्यांसह कंपनीचं 'पर्पज' शोधतो.

या छळाची रीतसर नोंद व्हावी म्हणून हे लिहितोय. पुराणांतल्या नरकांची वर्णनं मी शिकताना वाचली आहेत… उकळतं तेल आहे, काटेरी झाडं आहेत, पण स्टँड-अप मीटिंग कुठेच नाही. ऋषी कल्पनाशक्तीत कमी पडले, दुसरं काय!

आमची कंपनी कानाची मशीनं बनवते. मी संस्कृतात एम.ए., त्यामुळे कम्युनिकेशन विभागात. साहेबांनी आल्या आल्या बोलावलं… "पंडितजी, कुछ संस्कृत में दीजिए ना, डीप सा." मी 'श्रुतम्' दिलं. म्हणजे, ऐकलं. ते आता रिसेप्शनच्या भिंतीवर माणसाएवढ्या पितळी अक्षरांत आहे, मागून दिवे सोडलेत.

भिंत झाली, मग स्ट्रॅटेजी आली. हैदराबादेत, नारायणगुड्यात आमचं जुनं रिपेअर काउंटर होतं. एक टेबल, एक बाक आणि पद्मम्मा. ती मशीन उघडायची, पुसायची, पुर्जा बदलायची आणि समोरच्याच्या कानात स्वतः बसवून विचारायची, "अब सुनाई देरा क्या, अंकल?" अंकल हसले की पुढचा.

स्लाइडवर मात्र या सगळ्यासमोर लाल ठिपका होता. नवीन मशीन विकलं की व्हॅल्यू क्रिएट होते, जुनं चालू ठेवलं की होत नाही. म्हणून काउंटर बंद, पद्मम्माची बदली नव्या शोरूमला आणि ग्राहकांच्या सोयीसाठी… हेल्पलाइन. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बसायला काही नव्हतंच.

शटरवरची नोटीस मीच लिहिली. तेलुगू, उर्दू करवून घेतलं, मराठी आपली हौस म्हणून. 'आता यायची गरज नाही, फक्त फोन करा.' वाक्य सुटसुटीत आहे म्हणून शाबासकी मिळाली. त्यात काही चुकतंय असं त्या वर्तुळातल्या एकालाही वाटलं नाही… मलाही नाही.

परवा नारायणगुड्याला दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. बघतो तर शटरसमोर तारनाक्याचे काका. रेल्वेतून रिटायर झालेले, जुने हैदराबादी मराठी. या काउंटरवरच आमची ओळख झालेली. बंद पडलेलं मशीन तळहातावर धरून नोटीस वाचत होते… ऐकू न येणारा माणूस वाचतो तशी, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"अरे, हे कोण लिहिलं रे? फोन करा म्हणे! मला फोनवर ऐकू आलं असतं तर मी बस बदलत इथं कशाला येऊ?"

मीच लिहिलं, हे सांगणार कसं! बोलून त्यांना ऐकूही आलं नसतं. गुपचूप माझ्या फोनवरून हेल्पलाइन लावली, स्पीकरवर टाकली. पलीकडची मुलगी फार गोड. नाव घेतलं, मॉडेल घेतलं, मग म्हणाली, "सर, व्हेरिफिकेशन के लिए कस्टमर से बात करनी होगी."

"उनकू सुनाई नहीं देता, अम्मा. वहीच तो कंप्लेंट है."

"जी सर, मैं समझ सकती हूँ. बस एक मिनट उनको फोन दीजिए."

दिला. काकांनी फोन कानाशी दाबून धरला… "हॅलो! हॅलो! अहो, बोला की!" ती बिचारी जन्मतारीख विचारत राहिली, हे हॅलो म्हणत राहिले. शेवटी लाइन कटली. लगेच मेसेज आला… आमच्याशी बोलून कसं वाटलं? कृपया स्टार द्या.

फोनवर टाइप करून काकांना दाखवलं, की पद्मम्मा शोरूमला गेली, तिथे फक्त नवीन मिळतं. "नवीन नक्को रे. हेच कर ना, कालपर्यंत चालू होतं की…" मग जरा हळू, म्हणजे त्यांच्या मते हळू, "तुझी काकू पडून आहे. कंबरेचं हाड मोडलंय. आतल्या खोलीतून हाक मारते… पाणी, कूस बदलायची, असंच काही. आज शेजारच्या मुलीला बसवून आलोय. जायला पाहिजे."

मशीन माझ्याकडे घेतलं. पद्मम्माला फोन केला तर म्हणाली, "सर, मैं करती थी ना! पर पुर्जेच नहीं मेरे पास. सब वापस लेलिए."

काल वर्तुळात हे सगळं सांगितलं. साहेबांचे डोळे भरून आले… थट्टा नाही, खरंच आले. "ब्यूटिफुल, पंडितजी. यही तो हमारा पर्पज है. इसको लॉन्च फिल्म में डालते हैं." पुर्ज्यांचं विचारलं, तर ते पुढच्या क्वार्टरच्या रिव्ह्यूला घ्यायचं ठरलं.

माणूस ढोंगी असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. हा मनापासून हेलावतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. याच्याशी कसं भांडायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

असो. कंपनीची मला काळजी नाही, तिचं छान चाललंय. काकांचं मशीन अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आणि आत्ता, मी हे लिहीत असताना, काकू हाक मारत असतील… मला खरी काळजी तेवढीच वाटते.