न मोजलेली खोली

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत चोवीस घरं. पुनर्विकासाचं ठरलं तेव्हा घरं मोजून यादी करायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं. माझा आकडा चुकत नाही, अशी ख्याती होती. ती मीच जपलेली. नव्या इमारतीत कोणाला किती जागा मिळणार, हे या यादीवरून ठरणार होतं.

तळमजल्यावरच्या काकू ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहतात. त्यांचं एकच म्हणणं, "माझी जागा कमी लागलीय."

मी दोनदा यादी दाखवली. "काकू, आकडा बघा ना."

"आकडा तुझा आहे रे. घर माझं आहे."

रविवारी संध्याकाळी सभेत सह्या व्हायच्या होत्या. त्या दिवशी सकाळी मी मुलीसमोर घड्याळ घेऊन बसलो होतो. ती ठाण्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. ग्रीक, भारतीय आणि चिनी परंपरांत शहाणपण कशाला म्हटलंय, याची तुलना तिला दुसऱ्या दिवशी वर्गात दहा मिनिटांत मांडायची होती, त्याचा सराव चालला होता. दोन मिनिटांतच मला राहवेना. मी कागदावर तीन रकाने आखले. खाली व्याख्या, मार्ग, फळ आणि शेवटी गुण, दहापैकी.

"बाबा, गुण? शहाणपणाची मेरिट लिस्ट लावतोस?"

"तुलना करायची तर वरचढ कोण ते नको सांगायला?"

"अरे, तिघांचे प्रश्नच वेगळे आहेत. ग्रीक माणूस भर चौकात गाठून विचारणार, तुला हे खरंच माहीत आहे, की नुसतं वाटतंय? आपल्याकडे विचारणार, 'मला माहीत आहे' म्हणणारा हा मी कोण? चिन्यांमध्ये एक जण विचारतो, आपल्या नात्याला, जागेला शोभेल असं वागतोस का? दुसरा म्हणतो, पाण्यासारखं खालच्या जागी जाता येतं का बघ."

"हे रकान्यात कसं बसवू?"

"नको बसवूस. तुझी यादीच घे. चोवीसच्या चोवीस घरं मोजलीस?"

"मोजली," म्हणालो आणि थांबलो. तेवीस मोजली होती. मोजणीच्या दिवशी काकू गावी होत्या, दाराला कुलूप होतं. एकावर एक घरं, फरक कसला पडणार, म्हणून मी वरच्या घराचा आकडा त्यांच्या नावापुढे लिहिला होता. पुढे तो मोजलेलाच आहे असं मला वाटायला लागलं.

टेप घेऊन आम्ही दोघं खाली गेलो. पंधरा वर्षांचे शेजारी, पण काकूंशी मी कायम दारातूनच बोललेलो. आतल्या खोलीला जिन्याखाली एक कोनाडा होता. साडेतीन गुणिले चार, चौदा चौरस फूट. तिथे त्यांचं देवघर. मंजूर नकाशा काढला, तर त्यातही ती जागा त्यांच्याच खोलीत.

"म्हणजे चौदा फुटांत माझा देवच काढून टाकलास की रे!" काकू हसत म्हणाल्या. मला हसता आलं नाही.

'टाइप करताना चूक झाली' हे वाक्य सभेला जाताना माझ्याकडे तयार होतं. तिथे उभा राहिलो आणि म्हणालो, "ते घर मी मोजलंच नव्हतं. वरचा आकडा लिहून टाकला."

"मग बाकीची तेवीस तरी मोजलीत, की रामभरोसे?" मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला. मग ठरलं, सह्या आठवड्याने. सगळी घरं पुन्हा मोजायची, माझ्याबरोबर आणखी दोन सभासद.

पुन्हा मोजताना आणखी दोन आकडे बदलले. त्यातला एक माझ्याच घराचा, दोन चौरस फुटांनी कमी झाला. पण या वेळी कोणी दारात अडवलं नाही. लोक स्वतःहून कपाटं सरकवून भिंती दाखवत होते.

सहीच्या दिवशी काकूंनी चष्मा पुसला आणि आपली ओळ बोट ठेवून तीनदा वाचली. मागे रांग खोळंबली होती. मी त्यांना खुर्ची सरकवून दिली. त्यांनी सावकाश सही केली आणि विचारलं, "नव्या घरात देवघर पूर्वेला येईल का रे?"

"नकाशा घेऊन येतो," मी म्हणालो, "आत बसून बघू."